चिमुकल्या माशांची जननेंद्रिये आणि मिलन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन-तीन सेंटिमीटरच्या, फार तर बोटभर लांबीच्या माशांबद्दल आहे. यात गप्पी आणि त्याच्याच कुळातले मॉस्किटोफिश आहेत, गळ्याखाली जननेंद्रिय असणारे फॅलोस्टेथिड आहेत, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा होराइक्थिस आहे आणि त्यांच्यासारखे आणखी काही. यांपैकी बहुतेकांत नर-मादीचे मिलन एका वेळी होते आणि अंडी किंवा पिल्ले बाहेर येतात ती दुसऱ्याच वेळी. मधल्या काळात नर जागेवर असण्याची गरज नसते. टाकीत आणि प्रयोगशाळेत होणारे निम्मे घोटाळे हे ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

माशांची अंडी पाण्यातच फलित होतात ना? मग नराला वेगळे इंद्रिय कशाला?

बहुतेक जातींत तसेच होते. मादी अंडी सोडते, नर त्यांवर शुक्रद्रव सोडतो. पण गोड्या पाण्यात शुक्राणू फार थोडा वेळ पोहू शकतात, कित्येक जातींत मिनिटभरसुद्धा नाही. त्यामुळे नर आणि मादी एकाच जागी, एकाच क्षणी हजर असावे लागतात. शुक्राणू मादीच्या शरीरात ठेवता आले की ही अट राहत नाही.

असे इंद्रिय बहुतेक वेळा परांपासूनच घडलेले दिसते. गप्पीच्या कुळात आणि होराइक्थिसमध्ये गुदपर (गुदद्वारामागचा एकेरी पर) कामाला आला, फॅलोस्टेथिडांत श्रोणिपर (पोटाखालची परांची जोडी). हाफबीक (खालचा जबडा लांब असलेले मासे) यांच्या पिल्ले देणाऱ्या जातींतही गुदपराच्या पुढच्या काड्या, म्हणजे पराला आधार देणारे काटे, बदललेल्या असतात. त्या इंद्रियाला अँड्रोपोडियम म्हणतात.

गप्पी नराचे गोनोपोडियम म्हणजे नेमके काय? ती नळी असते का?

नळी नसते. गुदपराची तिसरी, चौथी आणि पाचवी काडी लांब आणि जाड होऊन एकमेकींना चिकटून राहतात, त्यांचे ते इंद्रिय. एरवी ते पोटाला समांतर, टोक शेपटीकडे करून पडलेले असते. मिलनाच्या वेळी नर ते डावीकडून किंवा उजवीकडून पुढे फिरवतो. फिरवताना काड्या अशा वळतात की त्यांच्यात तात्पुरती पन्हळ तयार होते, आणि त्याच बाजूचा श्रोणिपरही सोबत पुढे येतो. शुक्राणू या पन्हळीतून टोकाकडे जातात. हे फिरवणे जमावे म्हणून आतला सांगाडाही बदललेला असतो: वरच्या मणक्यांचे खाली आलेले काटे वाढून स्नायूंना आधार देतात.

टोकाकडे भिंगातून पाहिले तर बारीक आकडे आणि दाते दिसतात. हे आकडे कापून काय फरक पडतो, याचा गप्पींवरचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. राजी नसलेल्या मादीपर्यंत आकडे नसलेल्या नरांचे शुक्राणू बरेच कमी पोहोचले. राजी असलेल्या मादीच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. आकडे कुणासाठी आहेत, हे त्यावरून कळते.

शुक्राणू सुटे जातात की गाठोड्यांत?

गाठोड्यांत. गप्पीच्या एका गाठोड्यात वीसेक हजार शुक्राणू असतात, डोकी बाहेर आणि शेपट्या आत. गाठोड्याभोवती कवच नसते, ते मादीच्या शरीरात गेल्यावर सुटते.

नर-मादी कधी ओळखता येतात आणि वेगळे कधी करावेत?

मादीचा गुदपर पंख्यासारखा त्रिकोणी राहतो, नराचा हळूहळू टोकदार होतो. २५ अंश सेल्सियसच्या आसपास चांगले खाणे मिळाले तर चौथ्या आठवड्याच्या सुमारास फरक दिसू लागतो. अक्षत, म्हणजे एकदाही मिलन न झालेल्या, माद्या हव्या असतील तर पिल्ले तीन आठवड्यांची झाल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येकाचा गुदपर तपासा. ज्याचा पर जरासाही निमुळता दिसेल त्याला लगेच बाहेर काढा.

रंगावर भिस्त ठेवू नका, रंग पूर्ण भरायला वेळ लागतो. मादीच्या पोटामागचा काळा डागही फिक्या जातींत नीट दिसत नाही. आणि सगळ्यात लहान, मागे राहिलेली पिल्ले 'मादीच असणार' म्हणून माद्यांच्या टाकीत ठेवली जातात. त्यांत उशिरा वाढणारा एक नर निघाला की अख्खी टाकी अक्षत राहत नाही.

मिलन झाले की नुसता पाठलाग होता, हे कसे कळणार?

नर दोन प्रकारे प्रयत्न करतो. पहिल्यात तो मादीसमोर येऊन अंग इंग्रजी एसच्या आकारात वाकवतो आणि थरथरतो. मादी राजी असेल तर त्याच्याकडे सरकते. दुसऱ्यात काही न दाखवता मागून येऊन गोनोपोडियम पुढे फेकतो. असे फेकणे दिवसभर चालू असते आणि बहुतेक वेळा फुकट जाते.

खरे मिलन एक-दोन सेकंदांत उरकते, त्यामुळे तो क्षण डोळ्यांतून निसटतो. त्यानंतरचे काही क्षण पाहावेत. मिलन झालेला नर जागच्या जागी वारंवार झटके देतो. हे झटके दिसले तर शुक्राणू गेले असे बहुधा धरायला हरकत नाही. अक्षत मादी आणि नुकतीच व्यालेली मादी सर्वांत लवकर राजी होते. निरीक्षण करायचे असेल तर त्या दिवसांत करा.

टाकीत कित्येक महिने नर नाही, तरी मादीने पिल्ले दिली. चमत्कार?

चमत्कार नाही, साठा. मादी शुक्राणू अंडाशयाच्या घड्यांमध्ये जपून ठेवते आणि एका मिलनावर कित्येक वेळा पिल्ले देते. दोन विणींत साधारण तीन-चार आठवडे जातात. त्रिनिदादमधल्या नैसर्गिक प्रवाहांतल्या गप्पींवर केलेल्या अभ्यासात काही नरांची पिल्ले त्यांच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांपर्यंत जन्मत होती.

म्हणूनच दुकानातून आणलेली मोठी मादी ही भरलेलीच समजावी. तिला आवडीच्या नराजवळ ठेवले म्हणून पहिली विण त्याचीच असेल असे नाही. ताज्या शुक्राणूंना सहसा झुकते माप मिळते हे खरे, पण जुना साठा लगेच संपत नाही. वंशावळ नेमकी हवी असेल तर अक्षत मादीला पर्याय नाही. दोन-तीन विणी 'वाया घालवून' मग मोजायला लागणे ही लोकप्रिय युक्ती आहे, खात्रीची नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. एकच मादी नवी वस्ती उभी करू शकते, म्हणून नको झालेले गप्पी किंवा मॉस्किटोफिश नाल्यात, तळ्यात, विहिरीत कधीही सोडू नयेत.

एका टाकीत नर किती, माद्या किती?

एका नरामागे दोन-तीन माद्या आणि लपायला दाट झाडे. नर जास्त झाले की पाठलागामुळे मादीचे खाणे कमी होते, पर फाटतात आणि ती कोपरा धरून बसते.

गोनोपोडियम जितके लांब तितके चांगले, असे आहे का?

पाणी कसले आहे त्यावर ते ठरते. मॉस्किटोफिशच्या कुळात लांब गोनोपोडियमचे नर माद्यांना जास्त पसंत पडतात, पण ते पाण्यात आडवे येते आणि झटक्यात पळताना वेग कमी होतो. २००५ सालच्या अभ्यासात टेक्सास आणि बहामा इथल्या माशांची तुलना केली तेव्हा शिकारी मासे असलेल्या पाण्यात गोनोपोडियम आखूड आढळले. प्रौढ गप्पी नरात ते एकदा पूर्ण तयार झाले की पुढे फारसे वाढत नाही.

मादीला गोनोपोडियम आले तर ती नर झाली का?

नाही. गुदपराची ही वाढ नर-संप्रेरकांच्या इशाऱ्यावर होते. तसला इशारा बाहेरून मिळाला तर मादीचाही पर लांबतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात फेनहॉलोवे नदीमध्ये कागद गिरणीच्या सांडपाण्याखालच्या पट्ट्यात गोनोपोडियम असलेल्या मॉस्किटोफिश माद्या सापडल्या होत्या. 'स्वोर्डटेलची मादी नर झाली' (स्वोर्डटेल हाही गप्पीच्या कुळातला मासा) अशा बातम्यांत बऱ्याचदा तो मुळातच उशिरा वयात आलेला नर असतो.

गळ्याखाली जननेंद्रिय असलेला मासा खरेच आहे का?

आहे, आणि एक नव्हे, वीसपेक्षा जास्त जाती आहेत. फॅलोस्टेथिड हे त्यांचे कुळ. थायलंड, मलाया, बोर्निओ, फिलिपिन्स, व्हिएतनाम या भागांतल्या गोड्या आणि मचूळ पाण्यात राहणारे, पारदर्शक, दोन-तीन सेंटिमीटरचे मासे. फॅलोस्टेथस डंकेरी ही जात १९१३ साली वर्णिली गेली. व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या मुखाकडच्या फॅलोस्टेथस कूलाँगचे वर्णन २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि हे कुळ एकदम सगळीकडे चर्चेत आले.

नराच्या गळ्याखाली जो मांसल आणि हाडांचा फुगवटा दिसतो त्याला प्रायापियम म्हणतात. तो मुख्यतः श्रोणिपर आणि त्यांच्या कंबरहाडांपासून बनलेला आहे. शुक्रवाहिनी, मूत्रमार्ग आणि आतडे यांची तोंडे इथेच उघडतात. म्हणजे या माशाचे गुदद्वारही गळ्याशीच असते, आणि तेही नर-मादी दोघांचे. मादीचे जननद्वार गळ्यावर आहे हे लक्षात घेतले तर नराच्या इंद्रियाची जागा विचित्र वाटत नाही. मादीला श्रोणिपर नसतात किंवा नावापुरते असतात.

मग ते मिलन करतात कसे?

प्रायापियममधून एक लांब, वाकडी हाडाची काडी बाहेर येते, तिचे नाव टेनॅक्टिनियम. काही जातींत तिला करवतीसारखे दाते असतात. फॅलोस्टेथसमध्ये टॉक्सॅक्टिनियम नावाची आणखी एक काडी असते. नर या काड्यांनी मादीला डोक्याच्या आणि गळ्याच्या भागात पकडतो. दोघांची डोकी जवळ आणि शेपट्या लांब, अशी तिरकी जोडी दिसते. या माशांत शुक्राणू गाठोड्यांनीच दिले जातात.

प्रायापियम दोन्ही बाजूंना सारखे नसते. गुदद्वार एका बाजूला, पकडणारी काडी दुसऱ्या बाजूला. एकाच जातीत डावे आणि उजवे असे दोन्ही प्रकारचे नर मिळतात. त्यामुळे नमुन्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि फोटो उलटा झालेला नाही ना, ते पाहा. छापताना उलटलेल्या एका चित्रामुळे डावा नर उजवा होऊन बसतो.

ते पिल्ले देतात का?

नाही, अंडी घालतात. फक्त ती अंडी फलित होऊनच बाहेर पडतात. अंड्यांना धागे असतात आणि त्यांनी ती वनस्पतींना अडकतात. शरीरात फलन म्हणजे पिल्ले देणे, हे समीकरण गप्पीमुळे डोक्यात बसले आहे. ते पुसून टाकावे.

होराइक्थिसचे वेगळेपण काय?

हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर कच्छपासून केरळपर्यंत खाड्यांत आणि त्यांना लागून असलेल्या पाण्यात, पृष्ठभागाजवळ थव्याने राहणारा जवळजवळ पारदर्शक मासा. तीन सेंटिमीटरच्या आतबाहेर. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले आणि होराइक्थिस सेटनाय हे नाव दिले. त्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्यखात्याचे सेटना या दोघांची आठवण आहे. आता बरेच अभ्यासक त्याला राइसफिशच्या ओरायझियास या प्रजातीत धरतात, तेव्हा दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

नराच्या गुदपराच्या पुढच्या सहा काड्या उरलेल्या परापासून सुट्या होऊन गोनोपोडियम बनते. गप्पीशी हे साम्य वरवरचे आहे. गप्पीची गाठोडी उघडी असतात. होराइक्थिसचा नर शुक्राणू कवच असलेल्या कुपीत भरतो आणि त्या कुपीला मागे वळलेले काटे असतात. कुपी मादीच्या जननद्वाराशेजारी कातडीत रुतते आणि शुक्राणू तिच्यातून निघून आत जातात. मादीला उजवा श्रोणिपर नसतो. नुकत्याच पकडलेल्या मादीचा हा भाग भिंगाखाली पाहिला तर रुतलेल्या कुप्या कधी कधी दिसतात; जाळ्यातून जोरात झटकलेल्या मादीवर त्या राहत नाहीत. हाही मासा फलित अंडी घालतो.

नराशिवाय फलित अंडी घालणारे आणखी कोण?

'या वेळी नर जवळ नाही' आणि 'नर मुळीच नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

पहिल्या गटात कोरिनोपोमा रायसेई हा लहान मासा. नराच्या कल्ल्याच्या झाकणापासून एक लांब दोरा निघतो आणि त्याच्या टोकाला चकती असते. नर ती मादीसमोर हलवतो, मादी खाऊ समजून चावायला येते आणि तेवढ्यात मिलन होते. त्रिनिदादमध्ये ज्या प्रवाहांत माद्या मुंग्या जास्त खातात तिथल्या नरांची चकती मुंगीसारखी दिसते, असे २०१२ साली दाखवले गेले. मादी नंतर एकटीच पानावर अंडी घालते.

दुसऱ्या गटात खारफुटीतला क्रिप्टोलेबियास मार्मोराटस. याच्या एकाच ग्रंथीत अंडी आणि शुक्राणू दोन्ही तयार होतात आणि फलन शरीरातच स्वतःचे स्वतःशी होते. एकट्या माशाने फलित अंडी घातली हे १९६१ साली प्रसिद्ध झाले. ॲमेझॉन मॉली या गप्पीच्या कुळातल्या माशात मात्र सगळ्या माद्याच. त्यांना दुसऱ्या जातीच्या नराचे शुक्राणू लागतात, पण फक्त अंड्याची वाढ सुरू करून द्यायला. बापाचा वारसा पिल्लांत सहसा उतरत नाही.

कोरिडोरसची मादी शुक्राणू पिते, ही अफवा आहे का?

अफवा नाही. कांस्य कोरिडोरस या लहान कॅटफिशवर हे १९९५ साली दाखवले गेले. मादी नराच्या जननद्वाराला तोंड लावते, दोघांची रचना टी अक्षरासारखी दिसते. शुक्राणू तिच्या आतड्यातून झपाट्याने जाऊन श्रोणिपरांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांजवळ बाहेर पडतात. फलन शरीराबाहेरच झाले.

पिल्ले एकदम न येता दोन-चार करत येतात. काही बिघडले आहे?

मासा हेटेरँड्रिया फॉर्मोसा (गप्पीच्याच कुळातला) असेल तर काही बिघडलेले नाही. त्याच्या मादीत वेगवेगळ्या वयांच्या अनेक विणी एकाच वेळी वाढत असतात आणि दर काही दिवसांनी थोडी पिल्ले येतात. गप्पी एका वेळी एकच विण वाढवते. तिची पिल्ले दिवसभरापलीकडे तुटक तुटक येत असतील तर आजार, ताण किंवा थंड पाणी यांचा संशय घ्या.

अंडी घालणाऱ्या जाती टाकीत ठेवताना काय काळजी घ्यावी?

फॅलोस्टेथिड आणि होराइक्थिससारखे पातळ मासे जाळीने पाण्याबाहेर काढू नयेत. खवले निघतात आणि दुसऱ्या दिवशी मासा मेलेला सापडतो. कपाने, पाण्यासकट उचला. स्पंज फिल्टर, हलका प्रवाह, नुकतीच फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारख्या बारीक जीवांची पिल्ले) दिवसातून दोनदा. मचूळ पाण्यातली जात थेट गोड्या पाण्यात टाकू नका. क्षार काही दिवसांत टप्प्याटप्प्याने बदला.

धागेवाली अंडी जावा मॉसवर किंवा लोकरीच्या झुपक्यावर मिळतात. रोज सकाळी झुपका पिळून न काढता बोटांनी चाचपा. फलित अंडे टणक लागते आणि सहज फुटत नाही. पांढरी पडलेली अंडी लगेच काढा, नाहीतर बुरशी शेजारच्यांवर चढते. एकटी पडलेली मादी अंडी घालत असेल तर ती अंडी फेकू नका. ती फलित असण्याची शक्यता चांगली आहे, आणि इथेच लोक हमखास चुकतात.

गप्पीत कृत्रिम रेतन करता येते का?

येते, पण हात बसायला वेळ लागतो. नराला ट्रायकेन या माशांच्या भुलीच्या औषधाच्या पाण्यात गुंगी द्या: लिटरला १०० ते १५० मिलिग्रॅम, आणि आम्लता घालवायला त्याच्या दीड-दोन पट खाण्याचा सोडा. सोडा विसरलात तर मासा भूल चढण्याआधी तडफडतो. नराला ओल्या काचेवर आडवा ठेवून ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब गोनोपोडियमच्या मुळाशी टाका. गोनोपोडियम पुढे-मागे फिरवून पोटाच्या बाजूवर मुळाच्या दिशेने हलका दाब द्या. पांढरी गाठोडी थेंबात येतात आणि या पाण्यात ती न सुटता राहतात, म्हणून मोजता येतात. शुक्राणू पोहताना पाहायचे असतील तर १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये गाठोडे सोडा.

गुंगीतल्या अक्षत मादीच्या जननद्वारात बारीक पिपेटने दोन-तीन मायक्रोलिटरमध्ये मोजलेली गाठोडी सोडतात. पिपेटचे टोक आगीवर गोल केलेले असावे. बहुतेक माद्या मरतात त्या टोचल्यामुळे, भुलीमुळे नव्हे.

टेनॅक्टिनियम किंवा गोनोपोडियमची हाडे स्पष्ट कशी पाहायची?

जिवंत माशासाठी एक सेंटिमीटर रुंदीची काचेची अरुंद पेटी, मागे काळा कागद आणि बाजूने प्रकाश. समोरून प्रकाश टाकला तर पोटाची चंदेरी पिशवी चमकते आणि गळ्याचा भाग धुऊन जातो.

मेलेल्या नमुन्यासाठी हाडे रंगवून मांस पारदर्शक करण्याची पद्धत आहे. आधी पराचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा, कारण फॉर्मेलिननंतर डीएनए कामाचा राहत नाही. मासा बफर केलेल्या (आम्लता घालवलेल्या) १० टक्के फॉर्मेलिनमध्ये दोन दिवस, मग पाण्यात दिवसभर. बोरॅक्सच्या द्रावणात ट्रिप्सिन घालून त्यात मणके दिसेपर्यंत ठेवा. नंतर ०.५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये जांभळा रंग येईल इतके अलिझारिन रेड टाका. हाडे लालभडक झाली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरिन ३:१, १:१, १:३ असे टप्पे करून शुद्ध ग्लिसरिनमध्ये न्या आणि बुरशी लागू नये म्हणून थायमॉलचा खडा टाका.

बारीक हाडे रंगली नाहीत तर बहुधा फॉर्मेलिन बफर केलेले नव्हते. आम्लाने चुना निघून गेला, आता उपाय नाही. कूर्चेसाठी आधी अल्शियन ब्लू वापरणार असाल तर त्याचेही द्रावण आम्लधर्मी असते, तेव्हा दोन-तीन सेंटिमीटरच्या माशाला त्यात दिवसभरापेक्षा जास्त ठेवू नका आणि लगेच बोरॅक्सच्या संपृक्त द्रावणात घाला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नमुना विसरला तर मासा विरघळतो आणि बाटलीच्या तळाशी सुटी हाडे उरतात. इतक्या लहान माशाकडे सकाळ-संध्याकाळ पाहावेच लागते.